ओढ्यापुढचं फाटक

लाइट गेलीय तर जाऊ द्या. बंटी, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी, डोळ्यांत जातोय. सांगतो. पण मध्ये मध्ये 'खरंच का काका' असं विचारायचं नाही. माझा मावसभाऊ सहादू, त्याच्यासोबत घडलेलं आहे. आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सहादूची व्हॅन होती. सकाळी द्राक्षाचे क्रेट पिंपळगावला, दुपारी शाळेची पोरं, रात्री कुणाचं तरी स्टेशनचं भाडं. बायको गेल्यापासून त्यानं स्वतःला गाडीलाच जुंपून घेतलं होतं. नाद एकच, रेल्वेचा. ओढा गावाच्या पुढं एक फाटक होतं. फाटक पडलं की बाकीचे हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे, मोटरसायकली आडव्या करून खालून काढायचे. हा पठ्ठ्या खूश! चावी बंद करायची, उतरायचं, गेटमन धोंडीरामबरोबर तंबाखू मळायची. नुसत्या भोंग्यावरून इंजिन ओळखायचा. डबे मोजायचा, शेवटच्या डब्यातल्या गार्डला हात करायचा. जवळचा रस्ता सोडून मुद्दाम तिकडून जायचा. मी एकदा चिडलो, तर म्हणाला, "दादा, दिवसभरात तेवढंच मला कोणी थांब म्हणतं."

पुढं रुळांखालून बोगदा झाला. फाटक काढलं, तिथं लोखंडी खांब रोवून रस्ता बंद केला. धोंडीराम रिटायर झाला आणि त्याच दिवाळीत गेला. सहादूनं खांदा दिला होता.

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वीची, सव्वीस जानेवारीची. सहादूची मुलगी अंजली तान्हं बाळ घेऊन माहेरी येत होती. तिची गाडी चांगलीच लेट झाली. सहादू पहाटेपासून स्टीअरिंगवर, डोळे नुसते चुरचुरत होते. नाशिक रोडवरून निघायलाच साडेबारा झाले. ओढा सोडलं. बोगद्याकडं वळायचं, तर हातांनी जुन्या सवयीनं व्हॅन फाटकाच्या रस्त्याला घातली. त्याच्या लक्षातही आलं नाही.

फाटक पडलेलं होतं.

लाल दिवा. केबिनमध्ये उजेड. सहादूला बरं वाटलं, बघा. चावी बंद करून उतरला.

"आप्पा, इथं कशाला थांबलात?" अंजलीनं विचारलं.

"गाडी येतीय, बाळा. जाऊ दे तिला."

अंजली घाबरली. बाळाला खांद्यावर टाकून तीही उतरली आणि तिनं बापाचा हात घट्ट धरला.

धोंडीराम फाटकाशी उभा होता. हातात कंदील. हा माणूस मेलाय, आपण खांदा दिलाय... काही आठवलंच नाही सहादूला. इतका दमलेला.

"कोणती रे, धोंडीराम?"

धोंडीरामनं कंदील रुळांकडं केला.

गाडी आली. भोंगा नाही. दिवा नाही. चाकांचा आवाज नाही... सहादूनं जन्मभर गाड्या पाहिलेल्या. पायाखालची जमीन हलली नाही, तेव्हा त्याला कळलं. मागं सरावं, तर पाय उचलेनात.

डबे जात राहिले. तो मोजत राहिला. डबे संपेनात...

शेवटचा डबा समोर येऊन थांबला. दार उघडं. आत एक बर्थ. पांढरी चादर. उशी.

धोंडीरामनं फाटक उचललं. एवढंसं. एका माणसापुरतं.

"लय दमलास, सहादू. चल. पड घटकाभर."

...

आणि खरं सांगू? त्याला जावंसं वाटलं. जीव घाबरा झालेला, तरी जावंसं वाटलं. हे सांगताना तो माझ्यापुढं रडला.

तेवढ्यात बाळानं टाहो फोडला.

"आप्पा!" अंजलीनं हात ओढला.

समोर काळोख. छातीला गार लोखंडी खांब. केबिनला कुलूप.

"इथं काहीच नाहीये, आप्पा. किती वेळ नुसते उभे आहात... घरी चला."

घर कसंबसं गाठलं. उंबऱ्यात अंजलीनं खाली पाहिलं. आप्पा अनवाणी होते.

ती आजही शपथ घेऊन सांगते. व्हॅनमधून उतरल्यापासून तिनं त्यांचा हात क्षणभरही सोडला नाही. खांबांच्या पुढं त्यांनी पाऊल टाकलं नाही.

सकाळी मी आणि सहादू तिथं गेलो. खांबांच्या अलीकडं शोधलं. काही नाही. मग त्यानं माझा दंड धरला... बोट केलं.

दोन्ही लाइनी ओलांडून, पार पलीकडं, खडीवर त्याच्या चपला होत्या. जोडीनं, नीट काढून ठेवलेल्या. आपण घरात शिरताना दाराशी काढतो ना... तशा.