चौथ्या मजल्यावरचं काम

"मॅडम, तुमचा चार्जर काढा. हा प्लग सलाईनच्या पंपाचा आहे."

चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात लॅपटॉप उघडून बसलेल्या तिनं मान वर केली. निळ्या गणवेशातला एक उंच परिचारक हातात वायर धरून उभा होता. ती चार्जर काढत असताना त्याची नजर लॅपटॉपवर गेली.

"हे काय, कोळ्याचं जाळं?"

"तुमच्या हॉस्पिटलच्या नव्या वेबसाइटचा आराखडा. सोळा शाखा, नऊ हजार पानं. कुठलं पान कुणी लिहायचं, कुणी तपासायचं – सगळं मी ठरवते."

आठ वर्षं ती मोठमोठ्या संस्थांसाठी हेच करत होती. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एरवीही नव्हतं, पण ती गोष्ट वेगळी.

"ऑपरेशननंतर घरी काय काळजी घ्यायची, ती पानं मी लिहितो. मी कुठे आहे यात?"

"इथे. तुम्ही लिहायचं, मग तीन सह्या, मग पान लोकांना दिसणार."

"आणि डोस चुकीचा पडलाय असं लक्षात आलं तर?"

"तरी तीन सह्या."

"म्हणजे दोन दिवस. तोवर पेशंटनं चुकीच्या गोळ्या घ्यायच्या?"

तिनं आराखड्यातल्या त्या तीन सह्यांभोवती लाल गोल काढला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन हजर. "तुमचं म्हणणं नीट सांगा. आणि तुम्हाला हाक काय मारू?"

"सगळे ब्रदर म्हणतात."

"ते मी म्हणणार नाही," ती शांतपणे म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

मग त्याच्या चहाच्या सुट्टीत ती रोजच येऊ लागली. आराखड्यात तिनं नवी वाट काढली – चुकीचं पान ड्यूटीवरच्या परिचारकानं तिथल्या तिथे काढायचं, सह्या मागाहून. बैठकीत संचालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उद्या कुणी भलतंच पान काढलं तर?"

"कुणी काय काढलं याची नोंद राहील. ज्यांच्या हाती पेशंट सोपवता, त्यांच्या हाती एक पान सोपवायला काय हरकत आहे? आराखडा माझा, जबाबदारीही माझी."

संचालकांनी मान डोलावली. पानं लिहिणाऱ्यांसोबत कोपऱ्यात बसलेला तो तिच्याकडे बघतच राहिला.

तीन महिन्यांनी वेबसाइट सुरू झाली. त्या संध्याकाळी दोघं जिन्यात उभी होती; खिडकीवर पावसाची भुरभुर होती.

"उद्यापासून माझं इथे काम नाही," ती म्हणाली. "तरी मी येणार आहे. तुम्हाला भेटायला. मला तुम्ही आवडता."

तो कठड्याला टेकला. "आई परवा विचारत होती... रोज रोज वेबसाइटचं एवढं काय काम असतं?"

"मग?"

"म्हटलं – काम नाही. मुलगी आहे."

"आणि... आई काय म्हणाल्या?"

"रविवारी जेवायला घेऊन ये म्हणाली." तो हसला. "येशील?"

'येशील' हा शब्द तिनं क्षणभर कानात घोळवला.

"किती वाजता येऊ?"

"लवकर ये."