समीचा तुटका दात

शार्दूल कुंभोजकरांच्या मिरजेतल्या चित्रशाळेत गेल्या अकरा वर्षांत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, आणि तरीही कामाला खंड नव्हता. गिऱ्हाइकांच्या जागी त्यांच्या आवडछापा येत.

आवडछाप म्हणजे माणसाच्या पसंतीचं माप. शिंप्याला एकदा माप दिलं की कपडा शिवून होईपर्यंत आपण त्याच्यासमोर उभं राहत नाही, तसंच हे. छाप घेण्याच्या केंद्रात जाऊन अर्धा तास कपाळाला पट्टा लावून बसायचं, काय काढून हवं ते सांगायचं. समोरून चेहरे, रंग, आकार सरकत राहतात. मेंदू कशानं सुखावतो, कशानं आक्रसतो याची नोंद होते आणि त्या माणसाच्या आवडीनिवडीचा एक चालताबोलता नमुना एका डबीत भरला जातो. चित्रकारानं कच्चं चित्र डबीसमोर धरलं की हिरवा दिवा लागे, नाहीतर तांबडा. हिरवा लागला की काम पसंत. चित्र घरी पोचेपर्यंत गिऱ्हाइकानं चित्रकाराला भेटायचंदेखील नाही, असा करारच असे.

गिऱ्हाइकांशी होणारे तंटे मिटले होते. कुंभोजकरांना मात्र त्या तंट्यांचीच आठवण येई. एका गुळाच्या व्यापाऱ्यानं, "साहेब, नाक आमच्या घरचं नाही हो," म्हणत वडिलांचं चित्र चार वेळा परत पाठवलं होतं. बेडग गावच्या एक काकू दुपारभर हटून बसल्या होत्या, की आईच्या हातात सोन्याचे बिलवर रंगवा. तिला जन्मात मिळाले नाहीत, चित्रात तरी घाला. तेव्हा कुंभोजकर वैतागत, चहा मागवत, पुन्हा कोळसा हातात घेत. पाचव्या खेपेला तो व्यापारी चित्रासमोर उभा राहिला, त्यानं टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. हिरव्या दिव्याला यातलं काहीच जमत नसे.

म्हणूनच त्या दुपारी सत्तरीच्या एक बाई दार ढकलून आत आल्या, तेव्हा त्यांना नियम आठवायच्या आधी आनंद झाला.

"मी ऋतुजा पाटोळे. समीचं चित्र सांगितलंय ना, ती."

"बाई, तुम्ही इथं यायचं नसतं. चित्र झालंय, उद्या घरी येईल."

"ठाऊक आहे हो. पण मला आधी बघू द्या."

समी, म्हणजे समीक्षा, ही त्यांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी तापानं गेली. वडिलांच्या मोबाईलमध्ये होते तेवढे फोटो त्याच साली महापुरात घराबरोबर वाहून गेले. कुंभोजकरांनी बाईंच्या छापेवरून दोन वेण्यांची, मंद हसणारी मुलगी काढली होती. दुसऱ्याच कच्च्या चित्राला हिरवा दिवा लागला होता.

बाईंनी चित्र पाहिलं. "छान आहे," त्या म्हणाल्या.

हे 'छान' कुंभोजकरांनी आयुष्यभर ऐकलं होतं. "छान म्हणजे नाही, असंच ना?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "कसं सांगू? गोड आहे पोर. पण ही कुणाचीही बहीण होईल."

कुंभोजकरांनी स्टूल पुढे ओढलं आणि पूर्वीसारखे प्रश्न विचारायला लागले. ती रुसायची कशी, पळताना वेण्या कुठं जायच्या, हसायची कशी? दोन तासांनी कागदावर एक डोळा बारीक करून खदाखदा हसणारी पोर उभी राहिली, पुढचा दात अर्धा तुटलेला.

"समे!" बाईंनी कागदाला हात लावला आणि त्या रडू लागल्या. "हीच. हीच हो!"

बाई गेल्यावर कुंभोजकरांनी ते चित्र डबीसमोर धरलं. तांबडा दिवा लागला.

त्यांनी ते केंद्राला कळवलं, तेव्हा चार दिवसांनी तिथून डॉ. नाझनीन शिकलगार आल्या. आवडछाप तयार करणाऱ्यांपैकी त्या एक. मधल्या दिवसांत त्यांनी ऋतुजाबाईंची नवी छाप घेतली होती. तिच्यासमोर तुटक्या दाताचं चित्र हिरवं ठरलं, आणि आधीचं तांबडं.

"बघा," कुंभोजकर खुशीत म्हणाले, "तुमची छाप चुकली! गिऱ्हाइकाला काय हवंय ते बोलता बोलता सापडतं."

"छाप चुकली नाही, काका. ज्या बाईंची घेतली त्यांची ती बरोबरच होती. नंतर बाई बदलल्या." नाझनीननी डबी पुढ्यात ओढली. "आठवण म्हणजे पेटीतला दागिना नव्हे, जशी ठेवली तशी निघायला. प्रत्येक वेळी मेंदू ती नव्यानं घडवतो. त्या क्षणी जे हाताशी असेल ते तिच्यात मिसळतं, आणि पुढे तीच आठवण राहते. हे ऐका."

डबी चित्रशाळेतलं बोलणं टिपून ठेवत असे. तिच्यातून कुंभोजकरांचाच आवाज आला: "हसताना दात दिसायचे? पडका, तुटका होता का एखादा?" मग खूप वेळ काहीच नाही. मग बाईंचा आवाज: "दात... हो. तुटका होता. पुढचा."

"मी नुसतं विचारलं," कुंभोजकर म्हणाले.

"पहिल्या छापेच्या वेळी बाई अर्धा तास बहिणीबद्दल बोलल्या. त्यात दात नव्हता."

"विसरल्या असतील. मी विचारलं, आठवलं."

"असेलही. मला सांगता येणार नाही. खरी आठवण आणि बाहेरून आलेली आठवण मेंदूत अगदी सारखीच दिसते."

लहान मुलाच्या चित्रात तुटका दात असला की चेहरा जिवंत होतो, हे कुंभोजकरांना त्यांच्या गुरुजींनी शिकवलं होतं. म्हणून तो प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. पूर्वी किती जणांनी हो म्हटलं होतं? पाच खेपांनंतर त्या व्यापाऱ्याला वडिलांचं नाक सापडलं, की कुंभोजकरांनी काढलेलं नाक वडिलांचं वाटायला लागलं? जिल्हाभर भिंतींवर त्यांनी काढलेली माणसं होती. रोज कुणीतरी त्यांना हार घालत होतं.

"बाईंना सांगायला हवं का?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा, काका."

रविवारी ते सांगायच्या तयारीनं ऋतुजाबाईंच्या घरी गेले. समी बैठकीच्या खोलीत भिंतीवर लागली होती. बाईंचे थोरले भाऊ प्रणवदादा साताऱ्याहून खास चित्र बघायला आले होते.

"दात मीच तोडला तिचा," बाई सांगत होत्या. "आवळे पाडायला दगड मारला, तो तिला लागला. आई मला मारायला धावली, तर समीच मध्ये पडली."

"काहीतरीच!" दादा म्हणाले. "न्हाणीच्या पायरीवर आपटली होती ती. मीच उचलून डॉक्टरकडे नेलं. माझा शाळेचा शर्ट रक्तानं भरला होता, आठवत नाही तुला?"

"तू होतास कुठे तेव्हा? तू मामाकडे होतास!"

दोघं हातवारे करत भांडत होते आणि डोळे पुसत होते. साठ वर्षांत त्या घरात समीचं नाव निघालं नव्हतं, हे बाईंच्या सुनेनं चहा देताना हळूच सांगितलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून हो," बाई कुंभोजकरांकडे वळल्या. "नाहीतर हे सगळं मी विसरूनच गेले असते. तुम्ही काही सांगायला आला होतात का?"

"नाही," कुंभोजकर म्हणाले. "चित्र नीट लागलंय ना, ते बघायला आलो."

परतताना त्यांना आपल्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणावासा वाटला. पण आठवला तर मेंदू तो नव्यानं घडवेल, हे सुचून चालता चालता ते थबकले. मग रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्यानं वाचत ते घरापर्यंत गेले, म्हणजे तो चेहरा चुकूनही आठवायला नको.