दांडपात्याचे माप

तिचे पणजोबा लोहार, आजोबा सुतार आणि वडील सिनेमासाठी खोटी हत्यारे घडवणारे. धंदे बदलले, पण उतारवयात तिघांचाही उजवा हात सारखाच मिटला. बोटे तळव्यावर घट्ट आवळलेली, जणू एखादा दांडा धरला आहे. डॉक्टरांनी त्याला नसांचा विकार म्हटले आणि पुढे हात टेकले.

आत्या मात्र म्हणे, हे देणे आहे. पेटलेल्या भट्टीतून पणजोबांना एका उंच परक्याने ओढून काढले होते. बदल्यात त्याने एकच मागितले: लाकडाहून हलके, माणसाहून उंच आणि विस्तवावाचून उजळणारे दांड्याचे पाते. पणजोबांनी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, आणि तो घराण्याच्या तळव्यावरच्या रेषांत उतरला. तो लोखंडात त्यांना पाळता आला नाही, लाकडात आजोबांना नाही आणि रबरात वडिलांनाही नाही.

वडील आता खुर्चीत बसून असत, आणि कारखाना तीच चालवी. घरातली आणि कारखान्यातली माणसे तिला धाकटी म्हणत. तिचा या कथेवर काडीचा विश्वास नव्हता. तिचीही करंगळी आता आत वळू लागली होती. ती नेमाने शेक घेई. हात गेला तर घडवायचे कशाने, ही धास्ती मात्र तिच्या मनातून जात नव्हती.

तशात एका दिग्दर्शकाचे काम आले. अंतराळयानावरच्या पहारेकऱ्याचे शस्त्र हवे होते. पहिला नमुना पाहून तो म्हणाला, "हे खेळणं वाटतंय. असू दे पुढच्या काळातलं, पण कुणाच्या तरी आजोबांच्या हातातून आलेलं वाटायला हवं."

मग धाकटीने खरी अवजारे पाहिली. उभ्याने गवत कापायच्या लांब विळ्याचा बाक तिने पात्याला दिला, नावाड्याच्या आकडीचे नाक टोकाला आणि आग विझवणाऱ्यांच्या आकड्याचा काटा पाठीला. दांडा कार्बनचा, पाते फोमचे, वर पोलादी रंग आणि धारेत दिव्यांची बारीक पट्टी. त्याला तिने नाव दिले, दांडपाते.

घराण्याची रीत अशी, की शस्त्र ज्याचे, त्याला जमिनीवर निजवून शेजारी खडूने शस्त्राची आकृती काढायची. पहारेकऱ्याचे काम करणारा नट मापाला आलाच नाही. धाकटीने आकृती तशीच काढली.

"माप कुणाचं घेतलंस?" आत्याने ब्रश पुसत विचारले.

"कुणाचंच नाही. नटसाहेबांना वेळ नाही. अंदाजाने काढलं."

"अंदाज कुणाचा?"

"आत्या, तू रंग लाव. भुतं मी बघते."

"बघ बाई. मला चष्म्यातूनही दिसेनाशी झालीत."

सकाळी दांडा आकृतीपेक्षा वीतभर लांब निघाला. आपलीच चूक समजून तिने तो कापला. दुपारी तो पुन्हा तेवढाच होता, आणि कापलेला तुकडाही टेबलावर होताच.

नव्या कोऱ्या दांड्यावरचे वेष्टन दोन ठिकाणी झिजून गुळगुळीत झाले होते. त्या दोन जागांमधले अंतर कुणा माणसाच्या हातांच्या आवाक्यातले नव्हते. फोमचा भुसा सगळीकडे बसला होता. आकृतीशेजारी मात्र एक लांबच लांब पट्टा स्वच्छ राहिला होता. तिने तिथे तळवा टेकवला. नुकतेच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी फरशी ऊबदार होती.

भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिच्या डोळ्यांवर गोड झापड आली. तिने दांड्याला पुन्हा करवत लावली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "ज्याचं माप, त्याचंच राहू दे."

आत्याचा ब्रश थांबला.

या घरात शस्त्र हातोहात देत नसत. ते जमिनीवर ठेवायचे आणि घेणाऱ्याने उचलेपर्यंत आपण भिंतीकडे तोंड करायचे. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक न्यायला येणार होता. दारात पाऊल वाजताच दांडपाते जमिनीवर ठेवून धाकटी भिंतीकडे वळली.

भिंतीपाशी खुर्चीत वडील होते. त्यांना दार दिसत होते.

पावले आत आली. संथ, दूर दूर पडणारी.

वडिलांची नजर वर चढली.

चौकटीच्याही वर.

मागे मंद निळा उजेड पडला. दिव्यांची पट्टी तिने अजून जोडलीच नव्हती.

वडिलांनी मान लववली. पावले निघून गेली.

"येऊ का आत?" दिग्दर्शकाचा आवाज आला. "सॉरी, रस्त्यात अडकलो. कुठंय आपलं शस्त्र?"

फरशीवर खडूची रेघसुद्धा उरली नव्हती.

"ज्याचं होतं त्याने नेलं," आत्या म्हणाली. "तुम्हाला दुसरं मिळेल. त्या नटाला मात्र मापाला पाठवा."

वडिलांची मूठ पाकळी पाकळीने उमलली. कितीतरी वर्षांनी त्यांनी लेकीच्या गालावर तळवा ठेवला. तो काचेसारखा गुळगुळीत लागला.

धाकटीने आपला हात उजेडात धरला. करंगळी सरळ झाली होती. तळव्यावर मात्र एकही रेषा नव्हती.