थोरलीचा हात

बाटली थोरलीच्या हातात होती, आणि दारात धाकटी उभी होती!

पाळण्यात चार महिन्यांची चिमी गुडघे पोटाशी ओढून, मुठी आवळून, श्वास अडकेपर्यंत रडत होती. शाळेत शिकवणारी धाकटी जाऊ आज लवकर परतली होती. खांद्यावरची पर्सही तिने अजून उतरवली नव्हती. तिने बाटली हिसकावून घेतली, उजेडात धरली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाटलीच्या आत सायीची पिवळसर रेघ चिकटली होती, आणि डब्यातली पावडर कालवून केलेल्या दुधावर साय धरत नाही, हे दूधवाल्यांच्या घरात कोणाला सांगायला नको.

"ताई, हे आपल्या दुकानातलं दूध आहे... हो ना?"

थोरलीने पाळण्यापलीकडे पाहिलं. गॅलरीच्या पडद्याआड मामंजी भिंतीला टेकून उभे होते. ज्या माणसाने आयुष्यात कोणापुढे मान वाकवली नाही, त्या माणसाने आपल्या विधवा सुनेपुढे हात जोडले होते!

"हो," थोरली म्हणाली.

"कोणी पाजलं?"

"मी."

एका अक्षराचा तो शब्द, पण त्या शब्दाने एका बाईचं अख्खं आयुष्य गिळलं.

खाली दुधाचं दुकान आणि वर घर, असा त्यांचा संसार. मामंजींची हयात दुधाच्या कॅनांमध्ये गेलेली. माल चोख, बोलणं त्याहून चोख, आणि दुधाने कोणाचं वाईट होऊ शकतं, हे मात्र साक्षात देवाने सांगितलं तरी पटायचं नाही! म्हणूनच डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की जुलाबांनी चिमीच्या आतड्यांचं अस्तर दुखावलंय, दुधातली साखर तिला सध्या पचत नाही, काही आठवडे ती साखर नसलेली पावडरच द्या, आणि वरचं दूध तर वर्षाची होईपर्यंत नकोच... तेव्हा मामंजी फुरंगटून खिडकीबाहेर बघत बसले. दूधवाल्याच्या नातीने डब्यातलं पीठ कालवून प्यायचं! धाकटीचं अंगावरचं दूध तापात आटलं होतं, त्यामुळे दुसरा उपायही नव्हता. म्हातारबुवांनी स्वतःपुरता उपाय काढला. दुपारी घर निजलं, की कपाटामागे दडवलेल्या दुसऱ्या बाटलीतून ते नातीला 'खरं' दूध पाजू लागले. माया आंधळी असते म्हणतात. इथे तर ती हट्टीही होती.

चिमीचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगे, शी फेसाळ आणि आंबूस होई, आणि रडणं तर काळीज चिरणारं. आदल्याच संध्याकाळी दिराने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, ताट सरकवून सर्वांना बजावलं होतं, "घरातलं कोणी लपूनछपून काही पाजत असेल, तर त्याच दिवशी आम्ही घर सोडू. परत तोंड बघणार नाही!"

आणि आज थोरलीने मामंजींना रंगेहाथ पकडलं होतं. बाटली ओढून घेत ती म्हणाली होती, "अहो मामंजी, काय करताय? हे विष आहे तिला!"

"माझं दूध... विष?" म्हातारा आधी भडकला, मग तडफडणाऱ्या नातीकडे बघता बघता भिंतीला टेकला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. "पोरी, मला वाचव! पोरगा घर सोडून गेला तर मी जगायचा नाही गं!"

थोरलीला आठवला तो दिवस... नवऱ्याची चिता विझली नव्हती, तोच नातलग तिला माहेरी धाडायची भाषा करू लागले होते. आणि याच म्हाताऱ्याने तिचं मनगट धरून तिला दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं होतं. "ही माझी लेक आहे. ज्याला पटत नसेल त्याने जिना उतरावा." उपकाराचं ओझं मोठं विचित्र! ते उतरवायची वेळ कधी विचारून येत नाही.

"ज्या बाईची कूस कधी उजवली नाही," धाकटी रडत म्हणाली, "तिच्या हाती मी लेकरू सोपवलं... चुकलं माझंच! तुमच्या मनात काय साचलं होतं ते मी ओळखायला हवं होतं!"

काय साचलं होतं थोरलीच्या मनात? चिमीला न्हाऊ घालताना, हातावर पालथी धरून तिची ढेकर काढताना, तिचे पाय सायकलीसारखे हळूहळू हलवून पोटातला वारा मोकळा करताना एकच स्वप्न साचत गेलं होतं... ही बोलायला लागली की आपल्याला 'मोठी आई' म्हणेल.

दीर आला, त्याने ऐकलं, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "वहिनी, आजपासून चिमीला हात लावायचा नाही."

थोरलीने आपली वळकटी उचलली आणि दुकानामागच्या खोलीत राहायला गेली. जाण्याआधी मात्र तिने मामंजींना जिन्यात अडवलं. "माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. यापुढे थेंबही नाही."

"नाही, पोरी. आणि मी सांगेन सगळ्यांना. योग्य वेळ आली की मी स्वतः सांगेन."

मामंजींनी अर्धाच शब्द पाळला. दूध थांबलं, आणि आठवडाभरात चिमीचं पोट मऊ झालं, वजन वाढू लागलं, ती खिदळू लागली. छताखाली कॅन घासत असलेल्या थोरलीला वरचं ते हसू ऐकू यायचं, आणि तिचा ऊर भरून यायचा... आणि त्याच हसण्याने तिच्या कपाळी कायमचा डाग लावला! थोरलीचा हात थांबला आणि पोर बरी झाली, आणखी पुरावा तो कोणता हवा? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि फांदी तोडल्याचा आळ कावळ्यावर आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात माणसाचा हात कोणी धरणार नाही.

चिमी चालू लागली, बोलू लागली, बडबडू लागली. दूधही पचू लागलं तिला. ते दुखणं तेवढ्यापुरतंच होतं. पण मामंजींची योग्य वेळ काही येईना. ते थोरलीसाठी फळं आणत, लोकरीची शाल आणत, आणि समोर ठेवताना नजर जमिनीत खुपसत. एकदा चिमी दुकानात उतरली, तेव्हा थोरलीने न राहवून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. पोर चटकन मागे सरली. "काकूने हात लावला की धुवायचं असतं," ती अगदी शहाण्यासारखी म्हणाली आणि नळाकडे पळाली. थोरलीने त्या दिवशी गिऱ्हाइकाला दूध मापताना दोनदा सांडलं.

मग धाकटीला मुलगा झाला. आणि तिसऱ्या आठवड्यापासून दर संध्याकाळी तेच! गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, आकांत. डॉक्टरांना घरीच बोलावलं. थोरली दुकानातून घरासाठीचं दूध घेऊन वर आली होती. ती सवयीने उंबऱ्याबाहेरच थांबली.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, वजन पाहिलं आणि ते हसले. "याला काही झालेलं नाही. दूध छान पचतंय. हा नुसता पोटशूळ. तीन-चार महिन्यांचा झाला की आपोआप जाईल. तोवर पोटावर पालथा धरा, ढेकर काढा, आणि स्वतः घाबरू नका. यात कोणाचाच दोष नसतो."

"पण चिमीला..."

"तिचं वेगळं होतं. तिला साखर पचत नव्हती आणि कोणीतरी साधं दूध पाजत होतं."

"कोणीतरी कशाला," धाकटी उंबऱ्याकडे बघून कडवट हसली, "चांगलं माहीत आहे आम्हाला. म्हणून तर याला त्यांचं वारंही लागू दिलं नाही. तरी हा का रडतोय?"

थोरलीने भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती वळली. रोजच्यासारखी. त्या पाठमोऱ्या बाईकडे बघताना मामंजींच्या आत काहीतरी तुटलं असावं.

"थांब, पोरी!" म्हातारा खुर्चीतून उठता उठता जमिनीवरच बसला. "तिने नाही पाजलं... मी पाजलं! बाटली माझी होती. तिने ती माझ्या हातून हिसकावली, म्हणून आज चिमी जिवंत आहे... आणि मी? मी पडद्याआड उभा राहिलो!"

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि ते जिना उतरले. दिराने डोकं धरलं. धाकटी धावत गेली आणि थोरलीच्या पायांवर कोसळली.

"ताई, का नाही बोललात? मी तुमच्या कुशीवर बोलले... माझी जीभ झडो!"

"ऊठ. ओली बाळंतीण तू, गार फरशीवर बसू नकोस."

धाकटीने हुंदके देत बाळ तिच्यापुढे धरलं. थोरलीचे हात क्षणभर पुढे आलेच नाहीत. इतक्या वर्षांत ते मागे राहायला शिकले होते. मग तिने बाळाला घेतलं, डाव्या हातावर पालथं निजवलं, मान तळहातात तोलली, पाठीवरून, मानेमागून हळूहळू हात फिरवला. एक ढेकर, मग दुसरी... आणि आकांत ओसरला. पोर झोपलं! थोरलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या पुसायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता.

बाळ पाळण्यात ठेवून ती मागे सरली, तोच चिमी मोरीतून धावत आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. भावाची पाठ ती घाईघाईने, मन लावून पुसू लागली.

"आता नाही हं दुखणार तुला," ती बाळाच्या कानाशी कुजबुजली.

"चिमे!" धाकटी किंचाळली आणि तिचा हात उगारला गेला. थोरलीने तो वरच्या वर धरला.

"तिला का मारतेस? शिकवलं तेच करतेय ती."

मामंजी तोंडावर पंचा दाबून रडत होते. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती पाळण्याशी गुडघ्यांवर बसली, चिमीला स्पर्श होणार नाही एवढं अंतर राखून, आणि मायेने म्हणाली,

"पूस हो राणी, नीट पूस. मानेमागे राहिलंय बघ... तिथेही माझा हात लागला होता."

मग ती उठली, सकाळचं रिकामं भांडं घेतलं आणि जिना उतरून दुकानात गेली. संध्याकाळची गिऱ्हाइकं खोळंबली होती.