दात हललाच पाहिजे!

आफरीनच्या डोक्यात अशी काही तिडीक गेली, की हातातला गुलाबी मेणाचा डबा खालीच पडला!

वाशीच्या फळमार्केटात तिच्या कॉलेजचं दंततपासणी शिबिर लागलं होतं. आणि तिच्या टेबलापाशी, तिनं घडवलेल्या प्लास्टरच्या जबड्याशी, एक अनोळखी मुलगा उभा होता. हातात फेविक्विक, चेहऱ्यावर मोठं पुण्य कमावल्यासारखं हसू.

“मॅडम, तुमचा दात हलत होता. चिकटवून टाकला. आता हत्ती आला तरी हलणार नाय!”

“हात लावायला कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाय. मी हमझा. तो समोरचा गाळा आमचाच, शिबिराच्या मदतीला—”

“मी नाव विचारलं?”

दोनच दात बसवले होते तिनं त्या जबड्यात. एकेक रबरी दोरा तिरका ओढून, डोळे फुटेस्तोवर. त्यातला एक ह्या शहाण्यानं पार दगड करून ठेवला होता.

“दात हाडाला चिकटलेला नसतो, गाढवा!” शेजारच्या टेबलावर चूळ भरायचे ग्लास मांडणारी भाविका दचकलीच. “मुळावर पातळ थर असतो. त्यातून बारीक तंतू निघतात नि हाडात रुततात. दात त्यांच्यावर टांगलेला असतो, झोळीतल्या बाळासारखा! चावताना किंचित दबतो, परत वर येतो. हिरडी वरून कॉलरसारखी घट्ट धरते. तुझ्या घरी आंबे काय खिळे मारून पेटीत बसवतात?”

हमझाचं हसू विरलं. “नाय… पेंढा घालतो. मार लागू नये म्हणून.” मग हळूच, “म्हणजे… मी पेंढा काढून खिळा मारला?”

पुढची शिवी आफरीनच्या ओठांतच अडकली. इतकं पटकन तर वर्गातल्या हुशारांनाही कळलं नव्हतं! आणि त्याच्या त्या लांब पापण्या… छे. राग. राग सोडायचा नाही.

“माझे अब्बा येतायत आत्ता,” ती दात-ओठ खात म्हणाली. “खालचे तीन दात हलतायत त्यांचे. म्हणतात, हलला तो मेला, उपटून टाक. ऐकतच नाहीत! आंबा दाबून पाहतात ना, तसं हाताला लागेल तेवढंच खरं त्यांचं. म्हणून हे बनवलं होतं. आणि तू—”

तेवढ्यात तिचे अब्बा, आंब्याचे व्यापारी कासिमशेठ, आलेच. खिशात अडकित्ता, तोंडाला मिश्रीचा वास. त्यांनी जबडा उचलला, दोन्ही दात अंगठ्यानं दाबले.

“हा घट्ट. हा हलतो. हलणारा गेला कामातून. मी काय वेगळं बोलत होतो?”

आफरीननं हमझाकडे असं पाहिलं, की बर्फसुद्धा पेटला असता.

“चाचा,” हमझा घाईघाईनं म्हणाला, “जरा ठोकून तर बघा.”

कासिमशेठनी अडकित्त्याची मूठ चिकटवलेल्या दातावर हाणली. तडाक! प्लास्टरच्या हाडाला ही एवढी भेग! मग हलणाऱ्या दातावर. तो खाली दबला… आणि अलगद वर आला. हाड जसंच्या तसं.

“सगळ्यांचेच दात किंचित हलतात, अब्बा,” आफरीनचा आवाज चढला, पण डोळे भरले. “तुमचे जास्त हलतायत, कारण हिरडी सुजून आतले तंतू सुटलेत, हाड झिजतंय. दात चांगले आहेत हो! आंब्याच्या पेटीत असतो ना, तसा त्यांचा पेंढा कुजलाय. आणि वर मिश्री चोळताय!”

“पेंढा…” व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी पडली. “बदलता येतो?”

“गेलेला सगळा परत येत नाही. उरलेला वाचतो. आज बसलात तर.”

कासिमशेठनी लेकीकडे पाहिलं. मग मिश्रीची डबी काढून टेबलावर आपटली. “कुठाय तुमची खुर्ची?”

ते खुर्चीपाशी दात तपासणाऱ्या सरांकडे गेले, आणि आफरीन पुन्हा भडकली. “माझं मॉडेल फुटलं!”

“पण अब्बा बसले ना?”

“श्रेय घेऊ नकोस!”

“नाय घेत. राग गेला?”

“अजिबात नाही.”

“मग… जाईपर्यंत थांबू का इथंच?”

तिचे कान तापले. ह्याला काय बोलावं!

“उद्या कॉलेजला ये. नवा जबडा ओतायचाय. दोरे तू बांधायचेस. सगळे.”

“जवळ बसावं लागेल.”

“अंतर ठेवून!”

“किती? पेंढ्याएवढं?”

हसू दिसू नये म्हणून आफरीननं पाठ फिरवली, पण आधी त्याच्या हातातली फेविक्विकची ट्यूब खस्सकन हिसकावली. कचऱ्याचा डबा तिच्या पायाशीच होता.

ट्यूब मात्र तिच्या ॲप्रनच्या खिशात गेली.