पहिल्या गाडीवरचा पक्षी

कारखान्याच्या संग्रहालयातल्या पहिल्या गाडीच्या नाकावरचं बोधचिन्ह गायब झालं आणि तासाभरात वॉचमनच्या पिशवीत सापडलंही. फौजदाराला हे जरा जास्तच सरळ वाटलं. आयतं ताट समोर आलं की त्याची भूक मरायची.

कारखान्याच्या दारात मालकांची नवी कोरी गाडी उभी होती, नाकावर पंख पसरलेला पक्षी मिरवत. आत संग्रहालयाच्या भिंतीवर त्याच पक्ष्याचा इतिहास मांडला होता. दर काही वर्षांनी पंख आखडत गेले होते आणि आजच्या गाड्यांवर नुसत्या दोन रेघा उरल्या होत्या. चित्रकार म्हणून नाव एकट्या संस्थापकाचं, म्हणजे मालकांच्या आजोबांचं. शेजारी पाटी होती: शताब्दीनिमित्त पाहुण्यांना पहिल्या पक्ष्याची नक्कल भेट.

"पक्षी माझ्या बाबांनी काढला," तिथे आलेली म्हातारी बाई म्हणाली. "पहिल्या पत्र्यामागे त्यांनी आपली खूण ठोकलीय. आज कोर्टाचा माणूस ती बघणार होता."

"पत्रा?"

"पितळेचा, पातळ. साच्यावर ठेवून दाबायचे."

फौजदारानं सापडलेलं चिन्ह उलटं केलं. मागची बाजू सपाट आणि कोरी.

"बघा, खूणबिण काही नाही," मालक म्हणाले. "चोरही सापडला. मिटलं की."

"पोराबाळांची शपथ, मी नाही साहेब!" वॉचमन रडकुंडीला आला होता.

"पिशवी तपासायला कोणी सांगितलं?"

"मीच," मालक म्हणाले.

"शताब्दीच्या भेटींसाठी त्या पाटीवरच्या नकला कोणी करवल्या?"

"मीच. ओतीव, हुबेहूब. माझ्याच कपाटात कुलपात आहेत."

फौजदार बाहेर गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात दुसरा पक्षी होता.

"पत्रा दाबला की पुढे जेवढा उंचवटा, मागे तेवढाच खळगा. पिशवीतला पक्षी मागून सपाट आहे, म्हणजे ओतलेला. ती नक्कल तुमच्या कपाटातून वॉचमनकडे जाईल कशी? तुम्हीच ठेवलीत. आणि नव्या गाड्यांवर दोन रेघा असतात, साहेब. तुमच्या एकट्याच्या गाडीवर पंख कुठून आले? हा घ्या खरा. मागे खळगा आहे."

मालकांचा चेहरा उतरला. "खूण घासून टाकणार होतो. कानस हातात घेतली, पण आजोबांच्या पहिल्या गाडीवरची वस्तू... धीर झाला नाही."

बाईनं खळग्यातून बोट फिरवलं. पंखाखाली ते थांबलं आणि तिला रडू फुटलं.

"भिंतीवरून आजोबांचं नाव काढावं लागेल आता," मालक पुटपुटले.

"काढू नका," बाई डोळे पुसत म्हणाली. "गाडी त्यांचीच होती. नाव पुसलं की घरच्यांचं काय होतं, ते मी जन्मभर बघितलंय."