चारशे अठरावा थर

कावा पिऊन झाला असेल तर वाट्या खाली ठेवा, पोरांनो, आणि गॅरेजचं दार लोटून घ्या. माझ्या बहिणीची लेक लुपे तुम्हाला माहीत आहे. हे तिच्याच बाबतीत घडलं, इथे ऑकलंडमध्येच.

"काका, तुम्ही होतात का तिथे?"

नव्हतो. म्हणून तर तिने सांगितलं तेवढंच सांगतोय.

लुपेचं काम म्हणजे स्कॅनच्या शेकडो चित्रांवरून पेशंटचं हृदय कॉम्प्युटरवर उभं करायचं, मग प्रिंटरवर थरावर थर चढवून प्लॅस्टिकमध्ये घडवायचं. ते हातात घेऊन सर्जन ठरवतो, कुठे कापायचं.

जुलैची चौदा तारीख, गुरुवार. सहा वर्षांच्या सियालेचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. पोरीच्या हृदयातल्या शिरा भलतीकडेच जोडलेल्या. डॉक्टर फेरिस म्हणाले, "मॉडेल सातला हवं. नसेल तर मी हात लावणार नाही." लुपेने रात्री नऊला प्रिंटर लावला, डब्यातले तारोचे उकडलेले कंद खाल्ले आणि हॉस्पिटलच्या तळघरात बसून राहिली.

एक वाजून वीस मिनिटांनी मशीन थांबलं. चारशे अठरावा थर. बिघाड काही दिसेना. तिने पुन्हा चालू केलं.

पुन्हा थांबलं. तोच थर.

खोली गार पडली. मागून एक म्हातारी बोलली, आपल्या टोंगन बोलीत.

"राहू दे गं, पोरी."

लुपेने वळून पाहिलं नाही. "कोण?"

"तिला न्यायला आलेय..."

लुपे घाबरली होती. पण राग त्याहून मोठा होता. तीन दिवस खपून तिने त्या पोरीची एकेक शीर रेखली होती.

"आलीस तशी रिकाम्या हाताने जा," ती म्हणाली. "ही मिळायची नाही."

"थकशील..."

"थकेन. पण उठणार नाही."

तिने बटण दाबलं. थांबलं. दाबलं. थांबलं. मानेवर कुणाचा तरी श्वास... ओला. मातीच्या वासाचा.

ती दाबत राहिली.

चार वाजून पाच मिनिटांनी चारशे एकोणिसावा थर चढला.

सातला मॉडेल फेरिसांच्या हातात होतं. सियाले वाचली. परवाच तिला पोरांशी भांडून रग्बीचा चेंडू हिसकावताना पाहिलं मी.

पुढच्या आठवड्यात शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला फेरिसनी ते मॉडेल मधोमध कापलं आणि लुपेला बोलावून घेतलं. नुसतं बोट दाखवलं.

आतल्या कप्प्याच्या भिंतीवर, चारशे अठराव्या थरापाशी, जिथे बाहेरून काडीसुद्धा शिरत नाही, तिथे अंगठ्याचा ठसा होता. मोठ्या माणसाचा. रेघन् रेघ स्पष्ट.

आतून बाहेर दाबलेला.